विसंबणे, भिस्त, मदार, भरवसा: कुठे कोणता शब्द बसतो

'विसंबणे' म्हणजे नेमके काय, त्याचे समानार्थी शब्द कोणते आणि ते एकमेकांच्या जागी चालतात का, असा प्रश्न आहे. नुसती यादी हवी असेल तर ती एका ओळीत संपते: अवलंबून असणे, भिस्त ठेवणे, मदार असणे, भरवसा ठेवणे, विश्वास टाकणे, आधार घेणे, हवाला ठेवणे. परीक्षेत एवढ्यावर गुण मिळतात. पण अनुवाद करताना, बातमी लिहिताना किंवा साधा अर्ज लिहितानाही यातला एक शब्द काढून दुसरा घातला की वाक्य कुठेतरी खटकते. का खटकते, ते एकेक शब्द घेऊन पाहू.

सुरुवात विसंबणेपासूनच, कारण या सगळ्यांत तो सर्वांत खोडकर आहे. त्याचे दोन वापर आहेत आणि ते वरवर एकमेकांच्या उलटे दिसतात. 'आई तान्ह्या बाळाला क्षणभरही विसंबत नाही' या वाक्यात विसंबणे म्हणजे दृष्टीआड होऊ देणे, दूर ठेवणे, विसरणे. संतवाङ्मयात हाच अर्थ जास्त भेटतो. तिथे देवाला न विसंबणे म्हणजे त्याचा विसर पडू न देणे. दुसरा वापर आजचा: 'शेजाऱ्यांवर विसंबून घर उघडे टाकून गेले.' इथे विसंबणे म्हणजे भरवसा ठेवणे. पहिल्यात 'ला', दुसऱ्यात 'वर'. अर्थ कोणता हे या प्रत्ययावरूनच ठरते.

पण दोन्ही वापरांच्या बुडाशी एकच हालचाल आहे, असे माझे मत आहे: आपले लक्ष काढून घेणे. बाळाला विसंबणे म्हणजे त्याच्यावरचे लक्ष काढणे. शेजाऱ्यावर विसंबणे म्हणजे घरावरचे लक्ष काढून ते शेजाऱ्याकडे सोपवणे. त्यामुळे विसंबण्यात भरवशाच्या जोडीला थोडी गाफिली येतेच. 'गोळ्यांवर विसंबून पथ्य सोडले' हे वाक्य चपखल बसते ते यामुळे. उलट एखाद्या संस्थेच्या अहवालात 'आम्ही आमच्या अनुभवी कर्मचाऱ्यांवर विसंबून आहोत' असे लिहिले, तर लिहिणाऱ्याला कौतुक करायचे असते आणि वाचणाऱ्याला वाटते की वरच्यांनी हात झटकले आहेत. तिथे 'आमची भिस्त अनुभवी कर्मचाऱ्यांवर आहे' हवे.

लोकांच्या कानाला ही छटा बरोबर कळते, याचा एक पुरावा म्हणीतच आहे. 'दुसऱ्यावर विसंबला, त्याचा कार्यभाग बुडाला' असे आपण सहज म्हणतो. दासबोधातल्या मूळ ओवीत शब्द आहे 'विश्वासला': 'जो दुसऱ्यावरी विश्वासला, त्याचा कार्यभाग बुडाला.' तोंडातोंडी फिरताना 'विश्वासला' मागे पडून 'विसंबला' आला. समर्थांची क्षमा मागून म्हणावेसे वाटते की बदल चांगला झाला. आजच्या मराठीत नुसत्या विश्वासाने काम बुडत नाही. विश्वास टाकून आपण हात काढून घेतला की बुडते.

व्याकरणाचे म्हणाल तर 'वर' घेणारे विसंबणे अकर्मक आहे, म्हणून भूतकाळात क्रियापद कर्त्याच्या मागे जाते: मी विसंबलो, मी विसंबले, ती विसंबली, आम्ही विसंबलो. 'मी त्याच्यावर विसंबले' असे पुरुषाने लिहिलेले दिसते. तिथे 'मी विश्वास ठेवला' या वाक्याची सवय आड आलेली असते. प्रत्यक्ष वापरात एकटे विसंबणे कमी, 'विसंबून राहणे' जास्त. आणि नकारात हे क्रियापद सर्वांत छान चालते: 'तू फोन करशील यावर मी विसंबून नव्हतो', 'एका वाटेवर विसंबून चालत नाही'. 'मी तुझ्यावर विसंबू शकतो का?' हे मात्र चित्रपटांच्या उपशीर्षकांतले मराठी. माणसे असे विचारत नाहीत. 'तुझ्या भरवशावर राहू ना?' किंवा 'धरून चालू ना मग?' असे विचारतात.

आता एकच वाक्य घेऊन त्यात पाच शब्द बदलून बघा. विषय कोरडवाहू शेतीचा.

'मराठवाड्यातली कोरडवाहू शेती पावसावर अवलंबून आहे.' ही वस्तुस्थिती. कुणाची भावना नाही, कुणाचा दोष नाही. पाऊस आला तर पीक, नाही तर नाही. भूगोलाच्या पुस्तकात हेच वाक्य हवे.

'शेतकऱ्याची भिस्त पावसावर आहे.' आता शेतीच्या जागी शेतकरी आला, आणि तो आपोआप आला. भिस्त माणसाची असते; शेतीची भिस्त म्हटले की कानाला टोचते. यात आशा आहे, आणि दुसरा काही मार्ग फारसा उरलेला नाही हेही आहे.

'यंदाच्या हंगामाची मदार परतीच्या पावसावर आहे.' इथे निर्जीव गोष्टही चालते. सगळे चक्र कशाभोवती फिरते आहे, ते मदार दाखवते.

'शेतकऱ्याने पावसाच्या भरवशावर पेरणी केली.' यात कृती आली, धोका पत्करणे आले. दुबार पेरणीची बातमी लिहायची तर हाच शब्द.

'शेतकरी पावसावर विसंबून राहिला.' आणि इथे दोष आला. विहीर नाही, शेततळे नाही, बसून राहिला, असे वाक्य न बोलता बोलते. ज्याच्याजवळ दुसरा मार्गच नव्हता, त्याच्याबद्दल हे वाक्य लिहिणे अन्यायाचे आहे. पाचही वाक्यांचे इंग्रजी भाषांतर जवळजवळ एकच होईल. नवखा अनुवादक घसरतो तो इथेच: इंग्रजीतले एक क्रियापद दिसले की तो कोशातला पहिला मराठी शब्द उचलतो.

भिस्त आणि मदार यांच्यात वर्तमानपत्रांचे क्रीडापान फारसा भेद करत नाही. 'मुंबईची मदार सलामीवीरांवर', 'भारताची भिस्त फिरकीवर' अशी शीर्षके जागा किती आहे त्यावर ठरतात. भेद तरीही आहे. मदार मुळात अरबी. ज्याभोवती फिरायचे तो आस, ते केंद्र, हा त्याचा जुना अर्थ. दौरा आणि दायरा हे त्याच धातूचे नातेवाईक. म्हणून निकालाची मदार, खटल्याची मदार, अर्थसंकल्पाची मदार हे सगळे शुद्ध बसते: 'खटल्याची सगळी मदार एका साक्षीदारावर होती' म्हणजे तो फिरला की खटला फिरला. याच कारणाने मदार एका किंवा मोजक्या गोष्टींवरच शोभते. 'प्रकल्पाची मदार निधी, मनुष्यबळ, हवामान, परवाने आणि लोकसहभाग यांवर आहे' यात पाच आस झाले. चाक कसे फिरणार? तिथे निमूटपणे 'अवलंबून आहे' लिहावे. भिस्त आणि मदार दोन्ही स्त्रीलिंगी: सारी भिस्त, सगळी मदार. क्रियापदांची जोडी वेगळी आहे. भिस्त असते आणि ठेवतातही; मदार बहुधा नुसती असते. 'मी त्याच्यावर मदार ठेवली' हे ऐकू येते, पण तिथे भिस्त जास्त मुरलेली वाटते.

भिस्तीला कचेरीतही एक ठरलेली जागा आहे. मराठी निकालपत्रांत आणि युक्तिवादांत 'प्रतिवादीने पुढील न्यायनिवाड्यावर भिस्त ठेवली' अशी वाक्यरचना येते. तिथला अर्थ आशा ठेवणे नव्हे. आपल्या म्हणण्याला आधार म्हणून तो निवाडा पुढे करणे, एवढाच. सर्वसामान्य वाचकासाठी लिहायचे असेल तर 'निवाड्याचा आधार घेतला' हे अधिक सरळ. न्यायालयाबाहेरच्या लेखनात 'या पुस्तकावर भिस्त ठेवून हा लेख लिहिला' असे लिहू नये. 'या पुस्तकाच्या आधारे' म्हणावे.

भरवसा हा यातला सर्वांत घरगुती शब्द आणि त्याचा पसाराही मोठा. भरवसा ठेवतात, देतात, धरतात. तो वाटतो, तो उडतो. 'भरवसा देणे' म्हणजे खात्री देणे. भिस्त किंवा मदार अशी देता येत नाही. 'भरवशाचा' हे विशेषण तर रोजच्या बोलण्यात 'विश्वसनीय'ची जागा कधीच घेऊन बसले आहे: भरवशाचा गवंडी, भरवशाचे बियाणे, भरवशाची गाडी. आणि म्हण आहेच, 'भरवशाच्या म्हशीला टोणगा'. गोठ्यात पुढे दूध वाढायचे तर पारडी हवी असते; जिच्यावर सगळा हिशोब मांडला, तिला झाला नर. ही म्हण फसवणुकीसाठी वापरू नका. म्हशीने कुणाला फसवलेले नाही. जिथे सर्वांत जास्त अपेक्षा होती तिथेच निराशा झाली, एवढाच तिचा अर्थ. उधारी बुडवून पळालेल्या माणसाला ती लावली की चुकते. हुकमी फलंदाज शून्यावर बाद झाला की अगदी बसते.

नकारात भरवशाचा अर्थ वळतो, आणि हे वळण कोशात पटकन सापडत नाही. 'त्याच्यावर माझा भरवसा नाही' म्हणजे मी त्याला विश्वासू समजत नाही. 'त्याचा काही भरवसा नाही' म्हणजे तो काय करील सांगता येत नाही. पहिल्यात 'वर', दुसऱ्यात 'चा'. 'पावसाचा भरवसा नाही', 'या वयात तब्येतीचा काय भरवसा' यांत अविश्वासाचा संबंधच नाही, अनिश्चितता आहे. इथे भरवशाच्या जागी 'नेम' चालतो, 'विश्वास' चालत नाही. पावसाचा विश्वास नाही असे कोणी म्हणत नाही.

भरोसा हा त्याचाच हिंदीकडून आलेला भाऊ. विदर्भात तो बोलण्यात सहज येतो, आणि नागपूर, पुण्यासारख्या शहरांत पोलिसांच्या मदत कक्षांनाच 'भरोसा सेल' असे नाव आहे. 'रामभरोसे' मात्र सगळ्या महाराष्ट्राने जसाच्या तसा घेतला. त्याचे 'रामभरवशावर' करू गेलात तर त्यातला उपहास निघून जातो आणि खरी भक्तीच उरते. दोन्ही शब्दांचे सामान्यरूप करताना 'सा'चा 'शा' होतो, पैसा-पैशाचा, ससा-सशाचा तसा: भरवशावर, भरोशावर. 'भरवस्यावर' आणि 'भरोस्यावर' हे लिहिण्यात इतके बोकाळले आहे की बरोबर रूपच चुकीचे वाटू लागावे.

अवलंबणे संस्कृत 'लम्ब्', म्हणजे लोंबणे, लटकणे यावरून आलेले. याचेही विसंबण्यासारखेच दोन संसार आहेत. 'वर' घेऊन 'अवलंबून असणे' म्हणजे आधारित असणे. 'वर' न घेता 'अवलंबणे' म्हणजे स्वीकारणे: कठोर धोरण अवलंबले, वेगळा मार्ग अवलंबला. दोन्हींची सरमिसळ झाली की 'यश परिश्रमांवर अवलंबते' असले वाक्य जन्माला येते. ते 'अवलंबून असते' असे हवे. उलट बाजूने 'नव्या पद्धतीवर अवलंब केला' हेही चूक. 'नव्या पद्धतीचा अवलंब केला'.

'अवलंबून असणे' आणि 'अवलंबून राहणे' यांतला फरकही जपावा. 'आईवडील त्याच्या पगारावर अवलंबून आहेत' ही स्थिती. 'तो अजून आईवडिलांवर अवलंबून राहतो' यात टोमणा आहे, कारण राहणे ही निवड झाली. अर्जांत 'अवलंबित' हा छापील शब्द आला की तो फक्त पहिल्या अर्थाचा. सॉफ्टवेअरमध्ये एक घटक दुसऱ्याशिवाय चालत नाही, त्या नात्यालाही अवलंबित्व म्हणता येते, पण 'हे पॅकेज त्या लायब्ररीवर अवलंबून आहे' हे वाक्य 'अवलंबित्वे स्थापित करा' या आज्ञेपेक्षा शंभर पटींनी कळते. संशोधनपद्धतीत साधनाच्या गुणाला 'विश्वसनीयता' हा शब्द रूढ आहे. तिथे हौसेने 'भरवसा' घालू नये. उलट ग्राहकाशी बोलताना 'आमच्या पंपाची विश्वसनीयता उच्च आहे' म्हणण्यापेक्षा 'पंप भरवशाचा आहे' म्हणावे. तो घेणारा शेतकरी आहे, परीक्षक नव्हे.

निर्भर या शब्दावर जरा थांबायला हवे. संस्कृतात आणि जुन्या मराठीत निर्भर म्हणजे ओतप्रोत भरलेला. 'आनंदनिर्भर' म्हणजे आनंदाने भरून गेलेला. अवलंबून असलेला हा अर्थ हिंदीतला. मे २०२० मध्ये 'आत्मनिर्भर भारत' ही घोषणा झाली आणि मराठी बातम्यांत 'वर निर्भर आहे' हे वाक्य सर्रास येऊ लागले. योजनेचे नाव म्हणून आत्मनिर्भर तसेच ठेवावे, त्याला इलाज नाही. पण 'कारखाना आयात कोळशावर निर्भर आहे' याची मराठीला गरज काय? 'अवलंबून' आहेच. आणि आत्मनिर्भरला मराठीत दोन जुने शब्द आहेत, तेही एकसारखे नाहीत. स्वावलंबी माणूस असतो, संस्था असते: आपल्या हिमतीवर उभी राहणारी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेचे ब्रीद 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' असेच आहे. स्वयंपूर्ण म्हणजे ज्याला बाहेरून काही आणावे लागत नाही. गाव अन्नधान्यात स्वयंपूर्ण असते, शिकताना काम करून फी भरणारा मुलगा स्वावलंबी असतो. तो मुलगा स्वयंपूर्ण नसतो, मेसचा डबा त्यालाही लागतो.

विश्वास सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त एवढे लक्षात ठेवायचे की विश्वास माणसाच्या सचोटीवर असतो, भरवसा त्याच्या कामावर. एखादा सुतार प्रामाणिक असतो पण ठरल्या दिवशी कधीच येत नाही: त्याच्यावर विश्वास आहे, त्याचा भरवसा नाही. जोडक्रियापदे नीट निवडावीत. विश्वास टाकतात, ठेवतात, बसतो, उडतो, संपादन करतात, आणि त्याचा घात होतो. 'विश्वास तर पानिपतावरच गेला' ही कोटी अजून ऐकू येते; १४ जानेवारी १७६१ ला नानासाहेब पेशव्यांचे चिरंजीव विश्वासराव तिथे पडले, हे माहीत नसलेल्या तरुण वाचकाला ती कळत नाही, तेव्हा जपून.

आधार हा वस्तूचा, माणसाचा आणि पुराव्याचाही असतो. म्हणून 'निराधार' शब्द दुतोंडी झाला: निराधार वृद्ध म्हणजे ज्याला कोणी नाही, निराधार आरोप म्हणजे ज्याला पुरावा नाही. 'च्या आधारावर' ही हिंदीची सावली. मराठीत 'च्या आधारे' पुरते. आधार ओळखक्रमांकाची सुरुवात २०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी झाली, तेव्हापासून 'आधार नाही' या वाक्याला तिसराही अर्थ आला आहे, आणि सरकारी मजकुरात तो गोंधळ घालतो. 'ज्यांना आधार नाही अशा व्यक्ती' असे न लिहिता 'आधार क्रमांक नसलेल्या' किंवा 'निराधार' यांपैकी जे म्हणायचे ते स्पष्ट लिहावे. आसरा म्हणजे डोक्यावर छप्पर देणारा आधार, साती आसरा या जलदेवतांशी त्याचा संबंध नाही, त्या अप्सरा.

'हवाला' आज दोन ठिकाणी उरला आहे: काळ्या पैशाच्या बातम्यांत आणि 'सूत्रांच्या हवाल्याने' या शब्दप्रयोगात. 'देवावर हवाला ठेवून' हा जुना, छान वापर म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात मिळेल. टेकू राजकारणाने पळवला. 'बाहेरून टेकू' म्हटले की सरकार डळमळीत आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. दुसऱ्याच्या जिवावर, जोरावर, बळावर हे तिन्ही जवळचे, पण 'जिवावर' सांभाळून वापरा: 'बापाच्या जिवावर मजा मारतो' म्हणजे बापाच्या पैशावर, 'उठणे जिवावर आले' म्हणजे कंटाळा, 'जिवावर बेतले' म्हणजे प्राणावर. आणि परावलंबनात उपकाराचे ओझे असेल तर शब्द 'मिंधा'. नातवाकडे राहणारी आजी अवलंबून असते. तिला प्रत्येक कप चहाला उपकार वाटू लागला की ती मिंधी होते. कोणत्याही समानार्थी शब्दांच्या यादीत हा सापडणार नाही, पण कथेत नेमका हाच लागतो.

कोशात शोधताना एक अडचण हमखास येते. जुने कोश अनुच्चारित अनुस्वार देतात, त्यामुळे 'विसंबणे' नव्हे तर 'विसंबणें', 'भरवसा' नव्हे तर 'भरंवसा' असे शोधावे लागते. संगणकावर शोधत असाल तर शेवटचा अनुस्वार सोडून नुसते 'विसंब' टाका. लिहिताना विसंबून, अवलंबून यांतला 'बू' दीर्घ, कारण 'ऊन' प्रत्यय दीर्घ आहे. भिस्तमधली 'भि' ऱ्हस्व. आणि मोबाइलचा कळफलक 'मदार'चे हौसेने 'मंदार' करतो, तेवढे पाठवण्यापूर्वी पाहावे. 'संघाची सारी मंदार कर्णधारावर' असे छापून येते ते त्यामुळेच.